तळमजल्यासाठी तिसरा अर्ज

फॉल रिव्हर, २ मार्च २०१९

लुसीलिया,

तुझं पत्र मिळालं. वर 'पापा' नाही, खाली 'तुझी' नाही. मधे तीन प्रश्न आणि शेवटी 'फोन करू नका, लिहूनच कळवा.' ठीक आहे. आठ वर्षांनी आलेल्या पत्रात मायना शोधत बसण्याएवढा मी मूर्ख नाही.

तू म्हणतेस, 'बाप म्हणून विचारत नाही. तीन मजल्यांचं लाकडी घर चौतीस वर्षं भाड्यानं चालवणारा माणूस म्हणून विचारते आहे.' मग त्याच माणसाचं उत्तर घे. बापाला मी बाहेर ओट्यावर बसवलंय.

पॉटकेटचं ते दुमजली घर तू ऊन पडलेलं असताना पाहिलंस. ही पहिली चूक. बर्फ वितळायला लागला की परत जा, पावसाच्या दिवशी जा. दलाल तुला आधी स्वयंपाकघर दाखवेल, नवी कपाटं दाखवेल. तू म्हणायचं, 'आधी तळघर.' तळघरात गेल्यावर बोलायचं नाही, वास घ्यायचा. भिंतीला खालच्या दोन फुटांनाच ताजा रंग दिला असेल, तर तो रंग पाणी झाकायला दिलेला असतो. नवऱ्याला वर पाठव; देलियोला सगळे नळ सोडायला सांग, संडासाची साखळी ओढायला सांग. तू खाली उभी राहा आणि ऐक. चांगल्या पाइपातून पाणी सरळ पडतं. तुंबलेला पाइप घोट घेतल्यासारखा आवाज करतो.

मग तिथे आत्ता जो कुणी भाड्यानं राहतो त्याला गाठ. दलाल नसताना. 'हिवाळ्यात ऊब पुरते का हो?' एवढंच विचार. बाकीचं तो आपणहून सांगेल. मालकाबद्दल बोलायला मिळालं की भाडेकरूला जेवणही सुचत नाही.

दुसरा प्रश्न, घ्यावं का. वरच्या मजल्यावर तुम्ही राहणार आणि तळमजला भाड्यानं देणार असाल, तर घ्या. पण तळमजला तीन महिने रिकामा राहिला तरी हप्ता भरता येईल एवढं बाजूला असेल तरच. घर तापवणारा बॉयलर नेमका जानेवारीत जातो. माझे दोन गेले, दोन्ही जानेवारीतच.

तिसरा प्रश्न तू लिहून खोडला आहेस. कागद उजेडात धरून पाहिला, वाचता आला नाही. परत लिहावासा वाटला तर लिही.

देलियो सहा वर्षं शहराची बस चालवतोय, एक दिवस खाडा नाही, हे तुझ्या मावशीकडून कळलं. बरं वाटलं.

सेराफिम आरुदा


फॉल रिव्हर, २३ मार्च

लुसीलिया,

तळघरात पाण्याची रेघ सापडली आणि त्यावरून किंमत उतरली. शाबास. दलालाचं तोंड कसं झालं ते तू दोन ओळींत लिहिलंस, मी चार वेळा वाचलं. वरच्या देओलिंदाबाईंनाही जिन्यातून ओरडून वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "पोरीनं बापाचे कान घेतलेत. नाक आईचं आहे, देवाची कृपा."

आता भाडेकरू कसा निवडायचा. अर्ज लेखी घे, आणि सगळ्यांना तेच प्रश्न विचार, चेहरा बघून बदलू नकोस. कायदाही तेच सांगतो. तुझ्या राज्याचे नियम थोडे वेगळे असतील, तेवढे वकिलाला एकदा विचारून घे. त्या तासाचे पैसे वाया जात नाहीत. अनामत रक्कम घेतलीस तर आपल्या पैशांत मिसळू नकोस, बँकेत तिचं वेगळं घर कर.

चौकशी करताना आत्ताच्या मालकाला विचारू नकोस. त्याला तो माणूस घालवायचा असेल तर तो त्याला संत म्हणेल. त्याच्या आधीच्या मालकाला विचार. त्याला खोटं बोलून काही मिळायचं नसतं.

भाडं बाजारापेक्षा थोडं कमी ठेव. चांगला माणूस दहा वर्षं टिकतो. आणि नळ गळतो असा निरोप आला की त्याच दिवशी जा. दुरुस्ती त्या दिवशी नाही झाली तरी चालेल, पण तोंड दाखव. मालक येऊन वाकून बघून गेला, एवढ्यानंच निम्मी गळती थांबते.

सगळं कागदावर. समोर सख्खी मावशी असली तरी कागदावर. आपल्या माणसांना याची लाज वाटते. समुद्रापलीकडच्या एकाच बेटावरून आलो, एकाच चर्चमध्ये बसतो, कागद कसला मागायचा! देओलिंदाबाई एकतीस वर्षं वर राहतात, एक चिठोरं नाही. तुझ्या आईनं गिरणीत शिवणयंत्रावर बसल्याबसल्या त्यांना सांगितलं होतं, 'ये आमच्या वरच्या मजल्यावर, मरेपर्यंत तुझा.' झाला करार.

आणि शेवटचं. नात्यातल्या माणसाला कधीही भाड्यानं देऊ नकोस. हा नियम मी फार किंमत देऊन शिकलो.

आज एक तरुण छप्पर बघून गेला. बूट फार स्वच्छ होते. छपरावर चढणाऱ्याचे असे नसतात.

सेराफिम आरुदा


फॉल रिव्हर, १३ एप्रिल

लुसीलिया,

'नात्याचा नियम वाचून हसू आलं. किंमत तुम्ही दिलीत?' एवढंच पत्र. खाली सहीसुद्धा नाही.

बरोबर आहे तुझं. ते वाक्य लिहिताना मला वाटलं होतं की तू वाचून पुढे जाशील. मी तुला ओळखायला हवं होतं.

तरी माझी बाजू सांगतो. तीन महिने मधल्या मजल्याचं तुमचं भाडं आलं नव्हतं. देलियो कामाला होता ते गोदाम बंद पडलं होतं, मान्य. पण घरावर कर्ज होतं, बॉयलरच्या तेलाची टाकी रिकामी होती, आणि वर देओलिंदाबाई वेळेवर देत होत्या. मालकानं सगळ्यांना एकच माप लावायचं असतं. रीत अशी आहे की नोटीस कोर्टाच्या बेलिफाच्या हातून द्यायची, म्हणजे मिळालीच नाही असं कुणी म्हणू शकत नाही. चौदा दिवसांची नोटीस म्हणजे घराबाहेर काढणं नव्हे, ती नुसती सुरुवात असते. तुम्ही पाचव्या दिवशीच सामान भरून निघालात, ते मी सांगितलं नव्हतं.

हे सगळं मी तेव्हाही सांगितलं होतं. आज लिहून वाचतोय तर वकिलाच्या टपालासारखं वाटतंय.

स्वच्छ बुटांच्या माणसाबद्दल लपवण्यात अर्थ नाही. मी घर विकतोय. गुडघे गेले. पुढचा लाकडी सज्जा कुजलाय, विमावाल्यानं त्याचा फोटो काढून नेलाय. एकाहत्तराव्या वर्षी तीन मजल्यांचा बर्फ ओढवत नाही. त्या पोराची कंपनी अशी घरं चाळीस-चाळीस घेते. भाव चांगला देतात. माझ्या ओट्यावर उभं राहून तो मला म्हणाला, "अंकल, आम्हाला घर पूर्ण रिकामं हवं. वरच्या आजींचं तुम्ही बघून घ्या."

"तुम्हीच का नाही बघत?"

"आम्ही बघितलं तर चार महिने जास्त लागतात," तो हसून म्हणाला. "तुमचं ऐकतील त्या."

मधला मजला सध्या रिकामा आहे. तुमच्यानंतर तिथे तीन बिऱ्हाडं येऊन गेली. मागच्या उन्हाळ्यापासून मी जाहिरातच दिली नाही. का नाही दिली, ते या पत्रात नको.

सेराफिम आरुदा


फॉल रिव्हर, १२ मे

लुसीलिया,

घराची किल्ली मिळाली म्हणून अभिनंदन. कुलपं त्याच दिवशी बदल. जुन्या मालकाच्या मेव्हण्याकडे नेहमी एक किल्ली राहून गेलेली असते.

आज रविवार. देओलिंदाबाईंची नोटीस मी स्वतः लिहिली, तीस दिवसांची. बेलिफाला बोलावणार होतो. तोच जुना बेलिफ, अजून काम करतो. फोन हातात घेतला आणि तो दिवस आठवला. त्यानं आधी चुकून माझंच दार वाजवलं होतं. "आरुदा कुठला मजला?" मी नुसतं बोट वर केलं. दार लावून घेतलं आणि जिन्यावरची त्याच्या बुटांची पावलं मोजत उभा राहिलो. तेरा.

फोन ठेवला. कागद खिशात घातला आणि निघालो. सव्वीस पायऱ्या आहेत. मधल्या मजल्यावर, तुझ्या बंद दारापाशी, दोनदा बसलो. वरून बाईंचा आवाज, "कोण मरतंय जिन्यात?"

"मी आहे, सेराफिम."

"म्हणजे अजून मेला नाहीत. या."

त्यांनी केलच्या पालेभाजीचं हिरवं सूप वाढलं. मी नको म्हटलं, त्यांनी ऐकलं नाही. म्हणाल्या, "चार वर्षांपूर्वी छत गळलं तेव्हा माणूस पाठवलात. खिडकी अडकली तेव्हा माणूस पाठवलात. आज स्वतः आलात. खिशात काय आहे?"

मी दिला. त्यांनी चष्मा लावून सावकाश वाचला. एकोणऐंशी वर्षांच्या बाईकडे बघवेना म्हणून मी खाली बघत होतो. त्यांनी कागदाची घडी घातली, सुपाच्या थाळीखाली ठेवली आणि म्हणाल्या, "पोटच्या पोरीला बेलिफ पाठवलात. मला मात्र स्वतः आणून दिलात. मोठा मान झाला माझा."

मी चमचा खाली ठेवला.

"खा," त्या म्हणाल्या. "मीठ कमी आहे का?"

"नाही."

"मग रडताय कशाला? जायचं मला आहे."

तासाभरानं मी खाली आलो. नोटीस तिथेच राहिली, थाळीखाली. थाळी ओली होती. शाई उतरली असेल.

तुझ्याकडे तळमजल्यासाठी दोन अर्ज आलेत म्हणतेस. घाई करू नकोस, आधीच्या मालकांना फोन लाव.

सेराफिम


फॉल रिव्हर, १९ मे

लुसीलिया,

आज भाड्याचं काही नाही. हे पत्र ओट्यावर बसलेल्या त्या दुसऱ्या माणसाचं आहे. नको असेल तर इथेच घडी घाल.

तुला माहीत आहे, या घरात मला सगळं ऐकू येतं. लाकडी घर, वाफेचे पाइप. स्वयंपाकघरातल्या पाइपापाशी बसलं की मधल्या मजल्यावरचं बोलणं शेजारच्या खुर्चीतून आल्यासारखं येतं. तुझी आई म्हणायची, रेडिओ लाव, दुसऱ्याच्या घरात कान घालू नये. मी लावायचो नाही. घरमालकाला सगळं माहीत असलं पाहिजे असं मी स्वतःला सांगायचो.

तो रविवार होता, चर्चवरून आल्यानंतरचा. आई बहिणीकडे गेली होती. मी बटाटे सोलत होतो. वर देलियो म्हणाला, "तुझ्या बापाला जावयाकडे भाडं मागायची लाज वाटते. अजून सहा महिने आरामात निघतील."

सुरी हातातच राहिली. लोकांच्या गिरणीत बावीस वर्षं रंगाच्या हौदापाशी उभं राहून मी हे घर घेतलं होतं. आणि वर बसून कुणीतरी माझी लाज मोजत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बेलिफाला फोन केला. एवढं मी आजपर्यंत सगळ्यांना सांगितलंय. तुझ्या आईला, फादरना, तुझ्या मावशीला. 'जावई असं बोलला, मी स्वतः ऐकलं.' सगळे मान डोलवायचे.

पण मी तिथेच ऐकणं थांबवलं नव्हतं. त्याच्यानंतर तू बोललीस. तू म्हणालीस, "परत असं बोलू नकोस. ते लाजत नाहीत, ते आपली वाट बघताहेत. पापा मला काढणार नाहीत, म्हणून तर उद्या मी माझी अंगठी विकून एका महिन्याचं देऊन येणार आहे."

मग भांड्यांचा आवाज आला. मग तो म्हणाला, "चुकलो."

हे मी कुणालाही सांगितलं नाही. तुझ्या आईलाही नाही, आणि पुढच्या हिवाळ्यात ती गेलीच. तिच्या अंत्यविधीला तू दुसऱ्या रांगेत परक्यासारखी बसलीस, तेव्हा मी मनात म्हटलं, पोरगी हट्टी आहे. हट्टी! त्या दिवशी वरून दोघांचं बोलणं आलं. मी त्याचं घेतलं आणि तुझं पाइपातच राहू दिलं. त्याचं घेतलं की मला रागावता येत होतं. तुझं घेतलं असतं तर तेरा पायऱ्या चढून यावं लागलं असतं.

तुझ्या बाप्तिस्म्याच्या जेवणात मी उभा राहून सगळ्या हॉलला सांगितलं होतं, 'मधला मजला हिचा.' आपल्यात सगळेच सांगतात, पोरागणिक एक मजला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, वाइन ओतली. मग तू मोठी झालीस, लग्न करून आलीस, आणि तुला तुझ्याच मजल्याचं भाडं लावताना मला काहीही वाटलं नाही.

म्हणून तो मजला रिकामा आहे. दोन वेळा जाहिरात लिहिली आणि दोन्ही वेळा फाडली.

पापा
(खोडत नाही. तुला हवं तर खोड.)


फॉल रिव्हर, ९ जून

लुसीलिया,

तीन आठवडे तुझं पत्र नाही. मी मागत नाही. पण घराची बातमी तुला कळायला हवी.

कंपनीला नकार दिला. स्वच्छ बुटांचा पोरगा म्हणाला, "अंकल, भावनेच्या भरात नुकसान करून घेताय." मी म्हटलं, "बाळ, चौतीस वर्षांत पहिल्यांदाच करतोय, करू दे."

घर एका तरुण जोडप्याला देतोय, दोघं शाळेत शिकवतात. भाव कमी आहे. घर बघायला आली तेव्हा ती पोरगी सरळ तळघरात गेली आणि गप्प उभी राहिली. तेव्हाच मी ठरवलं. त्या पोरीची आई गुडघ्यांनी अधू आहे, म्हणून तिला तळमजला, मधला त्यांना. वरच्या मजल्यावर देओलिंदाबाई. एकतीस वर्षांनी त्यांचा करार कागदावर आला, पुढच्या दहा वर्षांचा. सही करताना बाई म्हणाल्या, "दहा? एकोणनव्वद झाल्यावर मी कुठे जाऊ?" तो शिक्षक घाबरला. मी त्याला सांगितलं, "सवय कर."

म्हणजे घरातून जायचं कुणी, तर मी. तीस जूनला किल्ल्या द्यायच्या आहेत.

तुझ्याकडे तळमजल्यासाठी दोन अर्ज आले होते. मावशी म्हणते, तू अजून कुणालाच हो म्हटलेलं नाहीस. म्हणून हा तिसरा. मीच सांगितल्याप्रमाणे सगळ्यांना तेच प्रश्न असतील असं धरून उत्तरं लिहितो.

नाव: सेराफिम आरुदा. वय एकाहत्तर. धंदा: निवृत्त घरमालक. उत्पन्न: गिरणीचं पेन्शन आणि सरकारी पेन्शन; कागद सोबत जोडले आहेत. पाळीव प्राणी नाही. सिगारेट सोडून अकरा वर्षं. वाद्य वाजवत नाही. वाहन: जुनी गाडी, तेल गळत नाही, येऊन खाली वाकून बघावं.

आत्ताच्या घरमालकाचं शिफारसपत्र: मिळू शकत नाही, तो मीच आहे. आणि मी तुला सांगितलंच आहे की आत्ताच्या मालकावर विश्वास ठेवू नये. म्हणून भाडेकरूचं घेतलं. देओलिंदाबाईंनी सांगितलं, मी उतरवून घेतलं, एक शब्द बदललेला नाही:

'हा माणूस बॉयलर त्याच दिवशी दुरुस्त करतो. बाकीच्या गोष्टींना त्याला आठ वर्षं लागतात. सूप सगळं खातो. घ्यायला हरकत नाही, पण कागदावर घ्या.'

दोष: एक आहे, लपवत नाही. मला वरचं सगळं ऐकू येतं. पहिल्याच दिवशी रेडिओ आणीन आणि लावून ठेवीन. तरीही एखाद्या रविवारी कुणी माझ्याबद्दल काही बोललंच आणि ते कानावर आलंच, तर पाइपापाशी बसून राहणार नाही. वर येऊन दार वाजवीन. तुझ्याही जिन्याला तेराच पायऱ्या आहेत असं तू पहिल्या पत्रात लिहिलं होतंस. मी त्या चढेन, दोनदा बसावं लागलं तरी.

नात्यातल्या माणसाला देऊ नये हा नियम मीच तुला लिहिला. तो चांगला नियम आहे, आणि त्याच्यावर बोट ठेवून तू नाही म्हणालीस तर माझी तक्रार नाही. मावशीकडे एक खोली आहे, छपराखाली, मी रस्त्यावर पडणार नाही. हे मुद्दाम लिहितोय. तू दया म्हणून हो म्हणावंस असं मला वाटत नाही.

एकच मागणी आहे, आणि ती अर्जाच्या फॉर्मात बसत नाही. फोन नको असं तू म्हणाली होतीस, मी पाळलं. आता हो म्हणायचं असेल तर टपालानं कळव, चालेल. नाही म्हणायचं असेल तर मात्र कागद पाठवू नकोस, आणि कुणाच्या हातीही पाठवू नकोस. स्वतः येऊन माझ्या तोंडावर सांग.

तीस तारखेपर्यंत मी घरीच आहे. दार वाजलं की मीच उघडीन.

अर्जदार,
सेराफिम आरुदा, तळमजला